आईमार्फत

आमच्या घरात आप्पांशी बोलायचं असेल तर आईकडे अर्ज करावा लागायचा. तोंडी अर्ज. आप्पा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. ते वरच्या खोलीत राहायचे, आम्ही खाली. मध्ये एक अरुंद लाकडी जिना, आणि त्या जिन्यावर दिवसभर चढउतार करणारी माझी आई. बाबांना काही विचारायचं असलं की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, "अगं, आप्पांना विचार, रविवारी पाण्याची टाकी धुवायची का." आई हात पुसायची, वर जायची, खाली यायची. "हो म्हणाले." संपलं. बापलेकांचा त्या आठवड्याचा संवाद पूर्ण!

तुम्ही म्हणाल, भांडण झालं होतं का? छे हो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडायला निदान एकमेकांकडे बघावं तरी लागतं. आप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि आपल्या मागे मुलाने तिथे बसावं अशी त्यांची इच्छा होती. इच्छा त्यांनी बोलून दाखवली नाही, कारण बोलून दाखवतील तर ते आप्पा कसले? एक दिवस बाबांनी येऊन सांगितलं की मला कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरी लागली. आप्पा म्हणाले, "बरं." त्या "बरं"मध्ये काय काय भरलं होतं ते बाबांनी विचारलं नाही आणि आप्पांनी सांगितलं नाही. तेव्हापासून दोघं मूग गिळून बसले ते बसलेच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही बाप तसा बेटा जोडी. पुढे बाबांचं लग्न झालं, आई घरात आली, आणि दोघांनाही एकदम हायसं वाटलं की चला, बोलायला माणूस मिळालं. तिला बिचारीला वाटत होतं, आपल्याला संसार करायला आणलंय.

आई कपडे दुरुस्तीची कामं घ्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाची चेन बदल, कुणाचं पोट सुटलं म्हणून शिवण उसवून दे. तिचं शिवणयंत्र जिन्याच्या पायथ्याशी होतं. उजेड खिडकीपाशी चांगला होता, पण तिथे बसलं की जिना लांब पडायचा. म्हणून दिवसा दिवा लावून ती पायथ्याशी बसायची. वरून आप्पांनी काठी आपटली की वर, बाबांनी "अगं" म्हटलं की स्वयंपाकघरात. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय कामसू बाई आहे, एक मिनिट बूड टेकत नाही. टेकू देतंय कोण?

आता निरोप्या म्हणावं तर आई निरोप्याही नव्हती. निरोप्या ऐकतो तसं सांगतो. आई आधी निवडायची, पाखडायची, मगच पुढे द्यायची. एकदा बाबांनी आप्पांचा जुना रेडिओ दुरुस्त करायला खाली आणला आणि आठ दिवस तसाच उघडा ठेवला. आप्पा आईला म्हणाले, "त्या दीडशहाण्याला विचार, उघडायची अक्कल आहे, मिटायची कुणी शिकवायची?" आई खाली येऊन म्हणाली, "आप्पा विचारत होते, रेडिओ कधीपर्यंत होईल." बाबा म्हणाले, "म्हाताऱ्याला म्हणावं, दम धर. जगात दुसरी कामं आहेत." आई वर जाऊन म्हणाली, "चांगला व्हावा म्हणून सावकाश करतायत, आप्पा. पण तुम्हाला घाई असेल तर तुमची मर्जी."

हे "तुमची मर्जी" आईचं खास. आप्पांकडे जाणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती ते चिकटवायचीच. वडीलधाऱ्यांशी बोलायची ही रीत ती माहेराहून घेऊन आली होती. आम्हाला ते इतकं सवयीचं झालं होतं की कानावर पडलं तरी ऐकू यायचं नाही.

बाबांची नोकरी हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ऑफिसात. उद्या ऊन पडणार की पाऊस हे सांगणारे साहेब वेगळे. ते अंदाज चुकवायचे आणि पगार घ्यायचे. साहेबांना वेळेवर चुकता यावं म्हणून मशीन चालू ठेवणं, हे बाबांचं काम. कॉलेजात असताना मी एकदा त्यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला तिथे गेले. थंडगार खोली, पंख्यांची घरघर, आणि बाबांसमोर काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि ओळीच्या शेवटी उघडझाप करणारा एवढासा चौकोन. बस्स. ना चित्रं, ना बटणं.

"हे काय, बिघडलंय का?" मी विचारलं.

"चित्रं साहेबांच्या खोलीत," बाबा म्हणाले. "इथे काम चालतं."

आणि मग काय सांगू, घरी ज्या माणसाच्या तोंडून शब्द चिमट्याने काढावा लागतो, तो माणूस धबधब्यासारखा सुरू झाला. "हे बघ, मशीनच्या आत एक गाभा असतो, कर्नेल. सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात. कुणाला किती जागा द्यायची, कुणाला कशाला हात लावू द्यायचा, पाळी कुणाची आधी, सगळं तो ठरवतो. पण तो माणसांशी बोलत नाही."

"का? गर्विष्ठ आहे?"

"अगं, त्याला आपली भाषा कळत नाही. म्हणून मध्ये हे असतं. शेल. म्हणजे कवच. आपण शेलला सांगायचं, शेल ते समजून घेतं, त्याची नीट फोड करतं आणि आत पोचवतं. आतून जे येईल ते आपल्याला सांगतं."

मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणूस चेष्टा करतोय का माझी? पण बाबांना चेष्टा येत नाही. "फोड करतं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी म्हटलं, पावसाच्या सगळ्या फायली तिकडे हलव. 'सगळ्या' म्हणजे कुठल्या कुठल्या, हे पुढच्याला कुठे माहीत? शेल आधी एकेकीचं नाव शोधून काढतं, मग ती सगळी नावं पुढे देतं."

त्याच्या आदल्याच आठवड्यात बाबा आईला म्हणाले होते, "सगळ्यांना जेवायला बोलाव." सगळे म्हणजे कोण, त्यात कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, कुणाला तिखट चालत नाही, हे आईने शोधून काढलं होतं. बाबांनी जेवण झाल्यावर हात धुतले होते.

बोलता बोलता बाबांनी काहीतरी लिहिलं आणि कळ दाबली. पडद्यावर काही उमटलं नाही. चौकोन आपला खालच्या ओळीवर जाऊन उघडझाप करायला लागला.

"झालं नाही वाटतं," मी म्हटलं.

"झालं की."

"मग काही बोललं का नाही?"

"झालं म्हणूनच नाही बोललं. बिघडलं असतं तर बोललं असतं."

अच्छा! म्हणजे भाजी उत्तम झाली की बाबा ताटात मान घालून गप्प का जेवतात आणि मीठ कमी पडलं की वाचा का फुटते, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं. आईला मात्र हे कुणी समजावलं नव्हतं. ती अजून वाट बघत होती.

"आणि ही गंमत बघ," बाबा आता रंगात आले होते. "शेलला आपण शिकवून ठेवू शकतो. मी नुसतं 'पूस' म्हटलं की ते गुपचूप त्याला एक शेपूट जोडतं, 'विचारून पूस' असं. मला पुन्हा सांगावं लागत नाही. याला अलियास म्हणतात. एकदा लावून ठेवला की लावलाय हेसुद्धा माणूस विसरतो. गेल्या वर्षी शेजारच्या मशीनवर बसलो. सवयीने पुसायला सांगितलं, म्हटलं, विचारेल की. ते कशाला विचारतंय! तिथे शेपूट लावलेलंच नव्हतं. एका अख्ख्या वर्षाचा पाऊस गेला."

"मग?"

"दुसरीकडे प्रत होती म्हणून वाचलो. साहेब म्हणाले, त्या वर्षी तसाही फारसा पडला नव्हता."

घरी येऊन मी आईला म्हटलं, "आई, तू शेल आहेस." आई दातात दोरा धरून म्हणाली, "असेन. आधी ते कपडे वाळत घाल."

पुढे मला औषधाच्या दुकानात नोकरी लागली, सकाळी जायचं ते रात्री यायचं. घरात काय चाललंय हे मला आईकडूनच कळायचं, म्हणजे निवडलेलं आणि पाखडलेलं. आप्पांना दम लागतो हे कळलं तेही असंच, "जरा थकलेत" असं. एका सुट्टीच्या दिवशी वर गेले तर आप्पा शर्टाची एक बाही घालून पलंगावर बसलेले. दुसरी बाही घालायच्या आधी विश्रांती घेत होते. ओठ निळसर पडलेले. भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती आणि त्यांच्या मध्ये आप्पांच्या छातीचा आवाज येत होता. मी रजा टाकली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, हृदयातली एक झडप कडक झाली आहे, ती बदलायला हवी. "वय झालंय, पण आजोबा काटक आहेत. आत्ता केलं तर निभावून नेतील. उशीर केलात तर मग मीच नको म्हणेन." त्यांनी येत्या गुरुवारची वेळ राखून ठेवली आणि संमतीचे कागद माझ्या हातात दिले. सही आप्पांनी स्वतः करायची होती, दुसऱ्या कुणाची चालणार नव्हती.

"बघू," आप्पा म्हणाले. आप्पांचं "बघू" म्हणजे "नाही"चा सख्खा भाऊ.

मग आईची जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका. बाबा म्हणाले, "त्यांना सांग, ऑपरेशन करायलाच पाहिजे." आई वर गेली, खाली आली. "नको म्हणतायत." बाबा म्हणाले, "नको म्हणजे काय? त्यांना काय कळतंय त्यातलं? सांग त्यांना." आई वर, आई खाली. "झालं तेवढं आयुष्य पुरे, म्हणतायत." बाबांनी ऑफिसातून झडपांची माहिती छापून आणली, बाणबिण काढलेली, चित्रांसकट. तीही आईबरोबर वर गेली आणि तशीच खाली आली. बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. आंघोळ करून तेच कपडे परत घालून बसायचे, दाढी अर्धी राहायची. पण जिना चढतील? नाव नको! ऑफिसातल्या गाभ्याचं पोट उघडून बघणारा हा माणूस, स्वतःच्या बापाच्या खोलीत जायचं म्हटलं की याच्या पायात मुंग्या.

सोमवारी एक शेवटची तपासणी होती. बाबांनी टॅक्सी बोलावली, दार उघडून धरलं. आप्पा आत बसले, शेजारी बाबा, दोघांमध्ये वीतभर अंतर. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आप्पांना सांग, पट्टा लावा म्हणावं." आई घरी होती ना, म्हणून बदली कामगार मी. आप्पांनी माझ्या सांगण्याची रीतसर वाट पाहिली आणि मग पट्टा लावला.

दवाखान्यात बाबा पैसे भरायच्या रांगेत गेले आणि आप्पांबरोबर बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही. "आप्पा, एवढी मरायची हौस आहे का हो तुम्हाला?"

"मरायची हौस कुणाला असते गं?" आप्पा म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं. "मला अजून बघायचंय तुमचं सगळ्यांचं."

"मग का नको म्हणता?"

"तुझ्या बापाला काही वाटत असेल तर ना. दोनदा, चारदा तुझी आई त्याचा निरोप घेऊन आली. काय म्हणतो तो? करून घेतलं तर बरं, पण तुमची मर्जी. टाकी धुवायची, तुमची मर्जी. रेडिओ लावायचा, तुमची मर्जी. आणि बाप राहतोय की जातोय, तरी तुमचीच मर्जी! पोटच्या पोराला एवढं एक मत नसावं?" आप्पांची हनुवटी थरथरायला लागली. "मग मी कुणासाठी छाती फाडून घेऊ, सांग."

अरे देवा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी घाईघाईने म्हटलं, "आप्पा, अहो ते बाबा नाही म्हणत! ते आई जोडते शेवटी. तिची सवय आहे ती."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सारवासारव चांगली जमते तुला. आईच्या वळणावर गेलीस."

घ्या! साखरपेरणीच्या घरात वाढलेल्या पोरीने खरं सांगितलं तरी ते साखरच ठरणार.

घरी आल्यावर आप्पांना वर पोचवलं आणि मी तडक स्वयंपाकघरात गेले. बाबा जेवायला बसले होते, आई वाढत होती. मी म्हटलं, "आई, बाबांचा निरोप तू वर नेमका काय सांगितलास? तसाच्या तसा म्हणून दाखव."

"हाच की. ऑपरेशन करून घेतलेलं बरं, असं हे म्हणतायत."

"आणि?"

"आणि काय? पण तुमची मर्जी."

बाबांचा घास हातातच राहिला. "मर्जी? मी कधी म्हटलं मर्जी?"

"म्हणायला कशाला हवं? वडिलांना कुणी हुकूम सोडतं का?" आई उसळली. "तुम्ही जे बोलता ते तसंच्या तसं वर नेलं असतं ना, तर या घराला केव्हाच कुलूप लागलं असतं! म्हाताऱ्याला म्हणावं, हट्ट सोड! असं सांगू? आणि ते जे बोलतात ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असतात इथे?"

"अलियास," बाबा पुटपुटले. डॉक्टरला दुखणं सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"शिव्या देऊ नका मला," आई म्हणाली.

मग मी आप्पांचं बोलणं सांगितलं. सगळं, हनुवटीसकट. आई डाव हातात धरून मटकन खाली बसली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंसुद्धा नाही. "मी भांडण होऊ नये म्हणून केलं गं. मला काय माहीत, त्यांना असं वाटत असेल."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. आता हा माणूस उठणार, असं मला वाटलं. बाबा घसा खाकरून म्हणाले, "बरं, आता असं कर. वर जा आणि ते शेपूट न लावता परत सांग."

धन्य! अक्षरशः हात जोडले मी. घर जळतंय आणि हे म्हणतायत, बादली आईमार्फत पाठवा.

"मी नाही जाणार," आई म्हणाली.

हे वाक्य त्या घरात याआधी कुणी ऐकलं नव्हतं. "आता मी काहीही सांगितलं तरी त्यांना ते माझंच वाटणार," आई म्हणाली. "ही सांगून आली, हिचं तरी कुठे पटलं?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मदतीला ये म्हणून. मी म्हटलं, "बाबा, मला एक सांगा. तुमच्या त्या मशीनमध्ये कर्नेलशी सरळ कुणी म्हणजे कुणीच बोलत नाही का?"

मशीनचा विषय निघाल्यावर बाबांना जरा धीर आला. "असं कसं? आतले सगळे प्रोग्रॅम सरळच बोलतात. घड्याळाचा, छपाईचा, हिशेबाचा, सगळे. ज्याला जे हवं ते तो स्वतः मागतो. शेल हासुद्धा एक साधा प्रोग्रॅमच आहे. त्याला काही खास अधिकार नसतात. बाहेरून येऊन बसणाऱ्या माणसासाठी ती सोय आहे, एवढंच."

"मग तुम्ही या घरातले की बाहेरून येऊन बसणारे?"

माझा आवाज चढलाच होता, मी नाकारत नाही. बाबांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले, आणि जिन्याकडे गेले. आई मागून ओरडली, "अहो, वरची पायरी हलते!" तोवर ते तिच्यावर ठेचकाळलेही होते. कसं माहीत असणार?

आम्ही दोघी त्यांच्या मागे धावलो. आप्पा पलंगावर उशांना टेकून बसले होते. बाबा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ऑपरेशन करायचं."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणतोय हा?"

आईचं तोंड उघडलंच होतं. मी तिचा हात गच्च दाबला.

"तिला नका विचारू," बाबा म्हणाले. "मी म्हणतोय. गुरुवारी ऑपरेशन करायचं म्हणजे करायचं. मर्जीबिर्जी काही नाही."

"हा हुकूम कोण सोडतोय?"

"तुमचा मुलगा."

"दुकानात बसायची वेळ आली तेव्हा कुठे गेला होता मुलगा?"

"तुम्ही बस म्हणालातच कुठे!" बाबांचा आवाज असा फुटला की आई दचकली. "'बरं' म्हणालात! नुसतं 'बरं'! एकदा जरी म्हणाला असतात, नको जाऊस, तर..."

"तर काय? राहिला असतास?"

"नसतो राहिलो! पण भांडून तरी गेलो असतो!"

आणि मग त्या दोघांची जी जुंपली! दुकान निघालं, टाकी निघाली, रेडिओ निघाला, माझ्या बारशाला कोण कुणाकडे बघून हसलं नव्हतं ते निघालं. आई दोनदा मध्ये पडायला पुढे सरकली, दोनदा मी तिला मागे ओढलं. भांडू दे गं, म्हटलं. सगळी थकबाकी एकदम चुकती होत होती, आणि खरं सांगते, मला ते ऐकायला गोड लागत होतं.

मग आप्पांचा श्वास अडकला. एक शब्द अर्ध्यावर राहिला, मान मागे गेली, हात हवेत काहीतरी धरायला गेला. बाबांनी तो हात धरला. पलंगावर बसून त्यांनी आप्पांना छातीशी टेकवलं आणि पाठ चोळायला लागले. त्यांना धड चोळताही येत नव्हतं. हळूहळू आप्पांचा श्वास ताळ्यावर आला.

"आप्पा," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला, "मला भीती वाटते हो. ऑफिसातून आलो की आधी मी खाली उभा राहून वरचा कानोसा घेतो, तुमची काठी वाजतेय का. रोज घेतो. ती वाजली नाही तर मी काय करू?"

आप्पांनी बाबांचा हात सोडला नाही. तो धरूनच त्यांनी आईला हाक मारली.

"सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

"हे म्हणतायत ना की..." आईने सुरुवात केली.

"तो काय म्हणतो ते ऐकलं मी. बहिरा नाही झालो. तुझं विचारतोय."

आईने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्यापैकी कुणाकडे तिच्यासाठी काही निरोप नव्हता. तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती हळूहळू ताठ झाली. एवढी उंच आहे माझी आई, हे मला माहीत नव्हतं.

"माझं म्हणणं?" ती म्हणाली. "माझं म्हणणं असं, की तुम्हा दोघांचा एकेक शब्द मी या जिन्यावरून वाहिला. गुडघे गेले माझे. भाजी कशी झाली हे एका माणसाने कधी सांगितलं नाही मला, ना खाली, ना वर. तरी वाहिला. आणि आता हे तुमच्याशी बोलायला लागले तर तुम्ही उठून चाललात? नाही जमायचं. गुरुवारी ऑपरेशन करायचं. नाही केलंत, तर मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही, आप्पा. शेवटपर्यंत नाही. पाणीसुद्धा मुकाट्याने आणून ठेवीन."

बाबांना घाबरलेलं मी पाहिलं होतं. आप्पांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं आणि तिथे काहीही पाखडलेलं नव्हतं. मग त्यांनी उशीखाली चाचपून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि माझ्यापुढे हात करून पेन मागितलं.